दीपमाळ छाप चहा बंद पडला त्याची बखर

श्री. ज्याणे पाणी निर्मिले, अग्नी निर्मिला, आणि उकळत्या पाण्यात पत्ती टाकावी ही सुबुद्धी मनुष्यास दिधली, त्या जगच्चालकास साष्टांग नमस्कार, आणि दुधात पाणी घालणारे गवळियास नुसता रामराम करोन, ही हकीकत लिहावयास बसलो असे. शके अठराशे पस्तीस, प्रमादी नाम संवत्सर, कार्तिक मासी आमचे राज्यावर जो प्रसंग गुदरला आणि जो पुढे निभावला, तो आम्ही डोळियांनी पाहिला, जिभेने चाखिला, आणि आता लिहितो. राज्याचे नाव पुसू नये. एके अंगास डोंगर, दुसरे अंगास नदी, मध्ये राज्य, इतुके पुरे आहे. आमचेही नाव पुसू नये. आम्ही दरबारात खांबाशी बसणारे, कान शाबूत, दात काही गेलेले, आणि चहाचे कामी कोणाचे बापास न ऐकणारे. चहा उकळावा, दूध वेगळे तापवावे, आणि पेला काठोकाठ भरावा, ऐसे आमचे मत. ज्यास हे मान्य नसेल त्याणे ही बखर येथेच खाली ठेवावी, आमचे काही अडत नाही.

प्रथम या राज्याचा शिरस्ता सांगणे प्राप्त आहे, कारण सगळा घोळ त्यातोनच उत्पन्न जाहला. गादीचे मूळपुरुष मोठे शूर, परंतु राग नाकावर. एके समयी लढाईत मार खाऊन परत आले आणि पानावर बसले, आणि आचारियास सहज पुशिले की, “आमटी कैसी जाहली?” तो भोळा, बोलिला की, “महाराज, मीठ अंमळ कमी पडले.” मग काय विचारता! महाराजांचे अंगाचा तिळपापड जाहला, आणि ताट भिरकाविले, आणि गर्जोन म्हणाले की, “रणात उणे आणि घरातही उणेच ऐकावे काय? आजपासोन या दरबारी कोणी काही पुशिले तर उत्तर एकच. उत्तम!” आणि ती आज्ञा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पीक कैसे? उत्तम, आणि शेतात टोळ बसलेले. दिवाणजींचे गुडघे कैसे? उत्तम, आणि दिवाणजी भिंत धरोन उठताहेत. आणि शिरस्ता ऐसा कडक की गादीवर बसणारासही तो लागू. सरदाराने वस्तु आणिली आणि गादीने चाखिली की गादीनेही उत्तमच म्हणावे. न म्हटल्यास आणणाराचा अपमान, आणि अपमान जाहला म्हणजे तो रुसोन गावी जाणार, आणि मग त्याची समजूत काढावयास पालखी पाठविणे आले. परमुलखातील लोक यास खोटेपणा म्हणत. आम्ही यास रीतभात म्हणत होतो, आणि छाती पुढे काढोन म्हणत होतो.

ते समयी गादीवर श्रीमंत आबासाहेब विराजमान होते. वय तरुण, मन लोण्याचे, शब्द मोजका. हाताशी दिवाण त्रिंबकपंत, ज्यांस प्रत्येक गोष्टीवर तोड सुचे आणि ती तोड मूळ दुखण्याहून महाग पडे, आणि सरलष्कर रंगोजीबाबा, ज्यांच्या मिशीवर लिंबू राहील परंतु पोटात गोष्ट राहात नसे. श्रीमंतांस वडील बहीण एकच, सगुणाबाई अक्कासाहेब, नदीपलीकडील जहागिरीत दिलेली. आणि या दोघां भावंडांची माता आईसाहेब. आईसाहेबांस चहाचा भारी शौक, आणि चहा एकच, दीपमाळ छाप. बंदरावरील एक पेढी निरनिराळ्या मळ्यांची पत्ती मिसळोन तो करीत असे, आणि तांबड्या डब्यात भरोन पाठवीत असे, आणि डब्यावर दीपमाळेचे चित्र. डबा उघडला की वास जिना उतरोन खाली चौकापावेतो जाई. घोट घेतला म्हणजे आधी किंचित् कडू, मग गोड, आणि मग कपाळावरली आठी आपोआप सुटे. आम्ही तो एकदा प्यालो आहो आणि अजून सांगत फिरतो. रोज तिसरे प्रहरी आईसाहेब स्वहस्ते चहा करीत, आणि दासींस बाहेर घालवीत, आणि दार लोटोन दोहीं लेकरांस समोर बसवीत, आणि म्हणत, “आता बोला रे, मनात असेल ते बोला.” मग लेकरे भांडत, रडत, एकमेकांची चहाडी सांगत, आणि चहा संपेतो सगळे मळभ जाई. अक्कासाहेबांचे लग्न जाहले तरी माहेरी आल्या की पाय धुण्याआधी चहा, हा क्रम कधी चुकला नाही.

मग पुढे होणारासारखे जाहले. आईसाहेब दुखण्यास पडल्या. अक्कासाहेबांणी पलीकडोन जासूद धाडिला, आणि त्याणे भर दरबारी उभे राहोन पुशिले की, “आईसाहेबांची प्रकृती कैसी? नीट असेल तर बाईसाहेब सासरचा सण आटपोन येतात, नसेल तर या पावली निघतात.” दिवाणजी बोलिले, “उत्तम.” सगळा दरबार बोलिला, “उत्तम.” आणि श्रीमंत गादीवर होते, त्यांणी खाली पाहिले आणि मान डोलाविली. पुन्हा जासूद आला, पुन्हा उत्तम. त्यानंतर जासूद यावयाचे आधीच आईसाहेब कैलासवासी जाहल्या. अक्कासाहेब पोहोचल्या तेव्हा मंडळी घाटावरोन परत येत होती. त्या चौकात उभ्या राहिल्या, रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, आणि भावाकडे पाहोन इतुकेच बोलिल्या की, “आबा, मी तुला विचारलं होतं.” आणि घोटभर पाणी न घेता माघारी फिरल्या. त्या दिवसापासोन त्यांणी या चौकात पाऊल टाकिले नाही, आणि श्रीमंतांणी चहाचे नाव काढिले नाही, आणि वाड्यात कोणी दीपमाळेचा डबा उघडिला नाही. बरीच वर्षे ऐसी गेली.

मग या प्रमादी संवत्सरी श्रीमंतांचे पोटी पुत्र जाहला. हत्तीवरोन साखर वाटिली, आणि तोफा उडाल्या, आणि एक तोफ उडता उडता राहिली ती सायंकाळी आपली आपण उडाली. परंतु बारशाचा प्रश्न आला. बाळाचे नाव आत्याने पाळण्याशी बसोन कानात सांगावे, हे आमचेकडे लहान मुलासही ठाऊक. दिवाणजींस तत्काळ तोड सुचली. म्हणाले, “श्रीमंत, दूरचे नात्यात आत्या पुष्कळ आहेत. एखादी चांगलीशी बोलावून घेऊ.” त्यावर श्रीमंत, जे कधी आवाज चढवीत नसत, ते बोलिले की, “पंत, माझ्या मुलाची आत्या अक्का. ती येईल तेव्हा नाव पडेल. तोवर मूल बिननावाचं राहिलं तरी चालेल.” आणि साडीचोळी देऊन रंगोजीबाबांस नदीपलीकडे रवाना केले. अक्कासाहेबांणी साडीवर हात फिरविला, आणि मग बोलिल्या की, “रंगोजीबाबा, पोरावर माझा राग नाही. मी येईन. पण त्या घरी मी आईच्या चहाला यायची. पालखी चौकात ठेवतील तेव्हा आईचा चहा माझ्यापुढं आला पाहिजे. तोच. आई गेली म्हणून तिचं सगळंच पुसून टाकलं असेल तुम्ही, तर मी पालखीतून खाली उतरणार नाही, तशीच मागं फिरेन, आणि मग पुन्हा बोलवायला येऊ नका.” रंगोजीबाबांणी हे शब्द आणोन हुजूर सांगितले, आणि श्रीमंत उठोन उभे राहिले, आणि इतुक्या वर्षांनी त्यांच्या तोंडावर हसू आले. म्हणाले, “एवढंच ना? एक चहा! आणा तो डबा.”

डबा आणिला. उघडिला. तळाशी मूठभर भुकटी, तीत जाळे, आणि जाळ्यात कोळी आपले संसारात मग्न. तेव्हा बंदरावर स्वार पिटाळिला की नवा डबा घेऊन ये. स्वार हात हलवीत परत आला. पेढीवाले बोलिले की, “तो माल बंद जाहला. खप राहिला नाही. एक तुमचे राज्य तेवढे मागवीत होते, तेही मागवीनासे जाहले, मग कोणासाठी करावा?” पेढीचा यात काडीमात्र दोष नाही, ते दुकान चालवितात, अन्नछत्र नव्हे. हे ऐकोन श्रीमंतांचे तोंडचे पाणी पळाले. आपल्याच हाताने तो चहा बंद पडला, आणि बहीण आता पालखीतूनच परत जाणार, हे ध्यानी येऊन ते मटकन खाली बसले. परंतु दरबार म्हणजे दरबार! त्रिंबकपंत पुढे सरसावले आणि बोलिले की, “एक चहा बंद जाहला म्हणोन गादीने हातपाय गाळावे काय? दुनियेत चहा काय थोडा आहे? त्यास तोलाचा दुसरा शोधोन आणितो.” रंगोजीबाबा बोलिले, “पंत काय आणितील? मी आणितो.” आणि राजवैद्यही मागोन बोलिले की, “औषधीशास्त्रात सगळ्यास पर्याय आहे, मीही आणितो.” आणि तिघेही तीन दिशांस मोहिमेवर निघाले. ऐसा उत्साह आम्ही लढाईच्या वेळीही पाहिला नव्हता.

मग तिघे परत आले, आणि दरबार भरला, आणि चुली पेटल्या, आणि पेले मांडिले. प्रथम रंगोजीबाबांचा चहा आला. बंदरावरचे हमाल पितात तो. काळाकुट्ट, दाट, आणि घोट घेताच कानातोन वाफ निघाली ऐसे वाटले. दरबार बोलिला, “उत्तम! तोच!” रंगोजीबाबांणी मिशीस पीळ दिला. मग त्रिंबकपंतांचा आला. दक्षिणेकडील कोण्या गोऱ्या साहेबाच्या मडमेचे आवडीचा, म्हणोन पंत सांगत होते. फिका, पिवळसर, आणि वास धोबीघाटावर येतो तैसा. दरबार बोलिला, “उत्तम! तोच!” मग राजवैद्यांचा. त्यात सुंठ, ज्येष्ठमध, गवती पात, आणि कसलीशी साल. त्याणे आमचा जुना खोकला बरा जाहला हे कबूल, परंतु चहा म्हणोन त्यात काही सापडले नाही. दरबार बोलिला, “उत्तम! अगदी तोच!” आणि प्रत्येक पेल्यास श्रीमंतांणीही उत्तम म्हटले, आणि आम्हीही म्हटले, आणि मोठ्याने म्हटले, कारण रंगोजीबाबा आमचेकडेच पाहात होते. आता पेच पडला की तिहीतोन निवडावा कोणता? एकास निवडावे तर दोघे रुसोन गावी जाणार. तेव्हा त्रिंबकपंतांस तोड सुचली, आणि ती ऐसी की शहाण्याने ऐकोन कपाळास हात लावावा. म्हणाले, “श्रीमंत, दरबाराने तिन्ही चहांस तोच म्हटले. मग तिन्ही एकत्र केले तर तो तिप्पट तोच होईल. उघड गोष्ट आहे.” आणि सगळा दरबार बोलिला, “वाहवा! उत्तम!” आणि नाही म्हणोन कोणी मान हलविली नाही. मग पेट्यांच्या पेट्या फोडिल्या, आणि कढई चढविली, आणि घमेल्याने पत्ती ओतिली, आणि पळसाचे फळीने ढवळिले. जो पदार्थ उतरला त्याचे वर्णन करावयास शब्द नाहीत, आणि असते तरी लेखणी विटाळली असती. मुदपाकखान्याबाहेर मांजर होते ते कोणीकडे गेले ते आजतागायत आले नाही. परंतु पेले फिरले, आणि जो तो डोळे मिटोन घोट घेई, आणि डोळियांतोन पाणी काढीत म्हणे, “उत्तम, तोच!” श्रीमंतांणी घोट घेतला. मग पंतांस बाजूस घेऊन हळूच पुशिले, “पंत, खरंच तोच ना?” पंत बोलिले, “सोळा आणे तोच, श्रीमंत.” श्रीमंत बोलिले, “आणि अक्का पालखीतून उतरेल ना?” पंत बोलिले, “उत्तम उतरतील.”

मग तो दिवस आला. चौकात सडे घातले, तोरणे बांधिली, पाळणा सजविला, आणि सवाष्णी नटोन बसल्या. नदीपलीकडोन पालखी आली आणि चौकाचे मध्यभागी ठेविली. पडदा सरला. अक्कासाहेब आत बसलेल्या, केसांत रुपेरी आलेली, आणि तोंड असे की हसावे की रडावे हे अजून ठरावयाचे आहे. भोई बाजूस हटले नाहीत, कारण बाईसाहेबांची आज्ञा होती की दांड्यापाशीच उभे राहा. श्रीमंत स्वतः पेला घेऊन पुढे जाहले. बोलिले, “अक्कासाहेबांनी चहा घ्यावा.” अक्कासाहेबांणी पेला नाकाशी नेला आणि खाली केला. पुन्हा उचलला, आणि एक घोट घेतला. आणि तो घोट गिळावयास त्यांस जो वेळ लागला तितुक्या वेळात आमचे निम्मे आयुष्य सरले. मग त्या अगदी शांतपणे बोलिल्या, “श्रीमंतांनी सांगावं. हा आईसाहेबांचा चहा?” तोंचि सगळा दरबार एकदम गर्जला, “उत्तम! तोच!” अक्कासाहेबांणी कोणाकडे पाहिले नाही. बोलिल्या, “मी श्रीमंतांना विचारते आहे.” आणि इतुके बोलोन भोयांस खूण करावयास हात उचलिला.

श्रीमंतांणी रंगोजीबाबांकडे पाहिले, ते घोड्यावरोन दूरवर जाऊन पेट्या आणिलेले. पंतांकडे पाहिले, ते भिंत धरोन उभे. राजवैद्यांकडे पाहिले. पाठीशी गादी, आणि गादीचा शिरस्ता, आणि पूर्वजांच्या तसबिरी सगळ्या भिंतीवरोन डोळे वटारोन पाहात. भोई वाकले. मग श्रीमंतांणी बहिणीचे हातचा पेला घेतला, आणि तिच्या उष्ट्या पेल्यातला मोठा घोट घेतला, आणि तोंड वेडेवाकडे केले, ऐसे केले की लहान मूलही एरंडेल पिताना करणार नाही, आणि बोलिले, “वाईट आहे.” दरबारात कोणाचा तरी पेला खाली पडोन फुटला. रंगोजीबाबांची मिशी खाली आली. श्रीमंत थांबले नाहीत. “फार वाईट आहे, अक्का. गोणपाट उकळलं तर असं होईल. तो चहा मिळत नाही. कुठंच मिळत नाही, बंद झाला. मी मागवायचा सोडला म्हणून बंद झाला. हा भलताच काहीतरी आहे, आणि काल मी याला उत्तम म्हटलं, या सगळ्यांबरोबर.” अक्कासाहेब बोलिल्या, “का म्हटलंस?” आधीचे ‘श्रीमंत’ गेले आणि एकदम ‘तू’ आला, हे आमचे कानांनी टिपले. आबासाहेब बोलिले, “सवय. आई पडली होती तेव्हाही म्हटलं. मला दिसत होतं अक्का, ती हाताला लागत नाही ते. जासूद समोर उभा होता, आणि मी मान हलवली.” आणि राज्याचा धनी भर चौकात पालखीचा दांडा धरोन हमसाहमशी रडला. अक्कासाहेबांचे डोळे भरले. बोलिल्या, “तेव्हा म्हणायचं होतंस रे हे. वाईट आहे, ये, इतकंच म्हणायचं होतंस. मी अनवाणी आले असते.” आबासाहेब बोलिले, “हो, अक्का.” सबब एकही सांगितली नाही, हे आम्हांस फार आवडले.

भोई पालखी उचलावी की ठेवावी या विचारात अर्धे वाकलेले तैसेच. मग अक्कासाहेबांणी पदराने डोळे पुसले, आणि पुशिले, “पोर कसं आहे?” सवयीने सगळ्या दरबाराची तोंडे उघडली, “उत्त” पावेतो शब्द बाहेरही आला, तोंचि आबासाहेबांणी हात वर केला आणि दरबार घशात अडकला. आबासाहेब बोलिले, “फार रडतं, अक्का. दूध ठरत नाही, लगेच ओकतं. पाय पोटाशी घेतं आणि लालबुंद होतं. वैद्यबुवांना विचारलं की उत्तम म्हणतात, सगळे उत्तम म्हणतात. त्याच्या आईलाही रडू येतं, मला कळत नाही काय करावं. माझा जीव थाऱ्यावर नाही.” अक्कासाहेब ऐकत होत्या. त्यांचे कपाळावर एक आठी आली, आणि आवाज एकदम घरचा जाहला. “आणि हे मला आत्ता सांगतोस? मेल्या, चहाच्या मागं गावोगाव स्वार धाडलेस, एक स्वार पोरासाठी धाडता आला नाही? सरक बाजूला!” आणि पालखीतोन पाय खाली टाकिला, आणि वहाणा न शोधिता, तोरण न पाहता, सवाष्णींचे कुंकू न घेता, तरातरा बाळंतिणीचे खोलीकडे चालत्या जाहल्या, आणि मागे राज्याचा धनी त्यांच्या वहाणा हातात घेऊन धावत गेला.

मग आत काय जाहले ते दासींनी सांगितले ते लिहितो. अक्कासाहेबांणी बाळ आपले हातावर पालथे घेतले, आणि पाठ चोळिली, आणि ओव्याची पुरचुंडी शेकोन पोटास धरिली, आणि बाळाने ऐसा ढेकर दिला की बाहेर पहारेकरी दचकला, आणि मग बाळ झोपी गेले. राणीसाहेब, ज्यांचा बाळ जन्मल्यापासोन डोळा लागला नव्हता, त्या नणंदेचे मांडीवर डोके ठेवोन तेथेच झोपी गेल्या. तिसरे प्रहरी बारसे जाहले. अक्कासाहेबांणी बाळाचे कानात नाव सांगितले, आणि सवाष्णींणी पाळणा म्हटला, आणि मग अक्कासाहेब पदर खोचोन मुदपाकखान्यात शिरल्या आणि बोलिल्या, “आबा, इकडं ये. चव घ्यायला.” रंगोजीबाबा दाराशी तोंड फुगवोन उभे, गावी जावयास घोडा तयार केलेला. त्यांस बोलिल्या, “रंगोजीबाबा, चहा तुमचा वाईट, माणूस तुम्ही चांगले. बसा आता, घोडं सोडा.” आणि ते बसले. मग तिन्ही चहा वेगवेगळे उकळिले. वैद्यांचा पहिल्या वासालाच खोकल्याच्या कपाटात गेला. रंगोजीबाबांचे काळे पत्तीत पंतांची फिकी पत्ती थोडी थोडी मिसळीत गेल्या, आणि दोघे भावंडे घोट घेत गेली. “जास्त झाली.” “कुठं जास्त? तुला कायम पाणचट लागतं.” “आणि तुला कायम कडू लागतं.” “आई आलं घालायची.” “नाही घालायची.” “घालायची. तू झोपलेला असायचास.” ऐसे भांडण दोन कढया चालले, आणि दार उघडे होते, आणि सगळा दरबार बाहेर जमोन ऐकत होता, आणि या वाड्यात इतुके मोकळे शब्द कैक वर्षांत कोणी ऐकिले नव्हते. शेवटी एक पेला दोघांणी मिळोन संपविला. अक्कासाहेब बोलिल्या, “तो नाही.” आबासाहेब बोलिले, “नाहीच.” “पण घशाखाली उतरतो.” “हो, उतरतो.” आणि तोच चहा आता आमचे राज्याचा चहा.

एकंदर मजकूर येणेप्रमाणे. दीपमाळ छाप चहा परत मिळाला नाही, आणि मिळणारही नाही. नवा चहा त्याच्या तोडीचा नाही, हे आम्ही कोणासही तोंडावर सांगू, आणि आता सांगावयास बंदी राहिली नाही, कारण तो शिरस्ता श्रीमंतांणी त्याच सायंकाळी मोडिला. पहिले महिनाभर दरबारात भारी गोंधळ जाहला. ज्यास त्यास एकमेकांचे काय काय आवडत नव्हते ते सांगावयाचे होते, आणि दिवाणजींचे गुडघे वाईट असल्याचे कळताच त्यांस बसावयास चौरंग मिळाला. अक्कासाहेब त्या दिवशी परत जावयाच्या होत्या, त्या बाळाचे पोट ताळ्यावर येईपर्यंत राहिल्या, आणि मग संक्रांतीपर्यंत राहिल्या, आणि आता वरचेवर येतात. आल्या की पहिला घोट घेतात आणि म्हणतात, “आबा, आजचा बिघडलाय.” आबासाहेब म्हणतात, “बिघडलाय खरा.” आणि दोघे तो पूर्ण पितात. इतुके घडले ते लिहिले, पदरचे काही घातले नाही.